घरात हाय

"आवाज देऊन या! घरात हाय!"

आमच्या शेजारच्या कूलरवाल्या चाचांचं हे वाक्य परळीतल्या कुत्र्यांनाही पाठ होतं. दुकानामागे त्यांची एक खोली, मध्ये जाड हिरवा पडदा. पडद्याकडे कुणी नुसती मान वळवली तरी चाचा तोंडातला स्क्रू थुंकून ओरडायचे. आत बाईमाणूस असलं की परक्यानं खाकरून जावं, ही रीत तुम्हालाही ठाऊक आहे. अडचण एवढीच, की चाची केव्हाच वारल्या होत्या.

आता आमच्याकडे पुरुषमाणूस बायकोचं नाव घेत नाही, 'घरात' म्हणतो. 'घरात विचारतो', 'घरात ताप हाय'. चाची गेल्या, पण चाचांचं 'घरात' थांबलं नाही. "आज दुकान लवकर बंद, शेट. घरात जरा नरम हाय." झालं! म्हाताऱ्यानं गुपचूप दुसरा निकाह लावला, अशी बातमी उठली. माझ्या भांड्यांच्या दुकानात ती सकाळी वाटीएवढी आली आणि संध्याकाळी हंड्याएवढी होऊन बाहेर पडली. आमच्या सौभाग्यवतीनं तर नव्या चाचीसाठी हिरव्या काचेच्या बांगड्या काढल्या आणि मला पिटाळलं.

"घरात द्यायच्यात," मी बांगड्या पुढे केल्या.

चाचा बांगड्यांकडे बघत राहिले. "लई दिवसांनी कुनी घरातलं इचारलं, शेट. चला. पन आवाज द्या."

मी खाकरलो. पडदा सरला.

बाहेर ऊन असं, की उडता कावळा भाजून ताटात पडावा. आत मात्र गारवा, वाळ्याचा वास, कूलरची घरघर. आणि स्टुलावर एक झाड. फूल नाही, फळ नाही, नुसती पानं. पण पान म्हणजे काय! माझी लग्नाच्या पंगतीची परात त्याच्यापुढे बशी. काळपट हिरवं, मखमली, त्यावर चांदीच्या तारेनं भरल्यासारख्या शिरा. केरळातल्या बहिणीकडून चाचींनी ओल्या फडक्यात गुंडाळून आणलेलं हे रोप. असं झाड अख्ख्या बीड जिल्ह्यात दुसरं नसेल. असलं तर मी भांडी विकायची सोडीन.

"जाताना एवढंच म्हनली, याला राख लागू देऊ नका," चाचा म्हणाले. एक कोवळं पान अजून सुरळीसारखं मिटलेलं होतं. त्यावरून त्यांनी बांगड्या अलगद देठापर्यंत उतरवल्या. "हे बी गेलं, तर 'घरात' कुनाला म्हनू, शेट?"

पान उलगडलं आणि बांगड्या तिथंच अडकल्या. कूलरच्या वाऱ्यानं त्या किणकिणायच्या. भिंतीपलीकडे बसून मी ऐकायचो. कुणी चहा गाळतंय, असं वाटायचं.

राखेचं म्हणाल, तर वीजकेंद्राच्या राखेपासून परळीत सुटका नाही. बंद कपाटातल्या बंद डब्यात ती शिरते. पांढरा शर्ट घालून इथं फिरणारा माणूस एकतर पाहुणा, नाहीतर नवरदेव. चाचा रोज सकाळी चाचींची जुनी मलमलची ओढणी ओली करून एकेक पान पुसायचे, लेकराचं तोंड पुसावं तसं. आमचं पाणी इतकं जड, की उकळलं तर तळाशी खडू निघतो. म्हणून झाडाला पाणी दुरुस्तीला आलेल्या एसीतून ठिबकलेलं, तेही गाळून.

झाडं उजेडाकडे वळतात, हे शाळेत शिकलो. त्या खोलीत खिडकी पूर्वेला होती. पानांची तोंडं मात्र पश्चिमेला, दुकानाकडे, चाचा जिथं बसत तिकडे. स्टूल फिरवून पाहा, दुसऱ्या दिवशी पुन्हा तिकडेच.

एकदा वडवणीचं एक गिऱ्हाईक मोटर शोधत न खाकरता आत घुसलं. चाचा धावले. "कावून बे? तोंडाला कुलूप हाय का?" गिऱ्हाईक हसत गेलं. दुपारपर्यंत सगळी पानं भिंतीकडे फिरली होती आणि कडांना काळी पडली होती. चाचा पडद्याबाहेर बसून समजूत घालत होते, "परका होता. जाऊ दे आता." माझ्या निम्म्या गोष्टींवर माझाच विश्वास नसतो, पण ही पानं मी पाहिली.

गेल्या उन्हाळ्यात चाचांची छाती भरली. अंबाजोगाईच्या दवाखान्यात नेताना रिक्षात त्यांनी दुकानाची किल्ली माझ्या मुठीत दाबली. "घरात एकटं हाय, शेट. राख..." पुढचं खोकल्यात गेलं. मूलबाळ नव्हतं, म्हणून मीच त्यांच्या उशाशी थांबलो. किल्ली माझ्या खिशातच राहिली. चाचा परत आले ते खांद्यावरून.

माती देऊन आलो आणि कुलूप काढलं. दुकानात राखेचा असा थर, की पाऊल उमटावं. मधला पडदा राखेनं पांढरा. आत कूलर बंद, खिडकी बंद. खाटेवर राख, स्टुलावर राख, कुंडीच्या काठावर राख. जमिनीवर पाऊल एकही नाही.

पानं मात्र लखलखीत. आणि खुंटीवरच्या ओढणीतून पाणी ठिबकत होतं.

वारा नव्हता. बांगड्या किणकिणल्या. तेव्हा आठवलं, मी आवाज न देताच आत आलो होतो. उलट्या पावली बाहेर आलो, पडदा नीट ओढला आणि खाकरलो.

आता एसीचं पाणी मी नेतो. पानांची तोंडं अजून दुकानाकडेच, चाचा बसत त्या रिकाम्या गोणपाटाकडे. ओढणीला मी हात लावत नाही. लावावा लागत नाही.

परवा दुकान भाड्यानं मागायला चौसाळ्याचा एक जण आला. पडद्याकडे बोट करून म्हणाला, "मागं रिकामंच हाय न्हवं?"

मी हातातलं पातेलं खाली ठेवलं.

"न्हाई," म्हणालो, "घरात हाय."