घाडी मास्तरांची निवड

दत्ताराम घाडी स्वतः कधी मोठे बॉक्सर नव्हते. अंगानं काटकुळे. गिरणीत असताना नागपाड्याच्या एका व्यायामशाळेत हौसेनं शिकले, हलक्या वजनाच्या गटात थोडंफार खेळले आणि नाकाचं हाड मोडून घेऊन थांबले. ब्याऐंशीच्या संपानंतर त्यांची गिरणी उघडलीच नाही. मग बायको मालन आणि मुलगा लवू यांना घेऊन ते मरोळला आले, औद्योगिक वसाहतीत पंख्याची पाती बनवणाऱ्या एका कारखान्यात लागले. आमच्या चाळीत त्यांची आणि आमची खोली भिंतीला भिंत लागून होती.

संध्याकाळी गावठाणातल्या तालमीमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ते बॉक्सिंग शिकवायचे. वाळू आणि चिंध्या भरलेली एक बॅग, दोरांऐवजी काथ्या बांधलेलं रिंग, आणि आम्ही दहा-बारा पोरं. मी तिथं जायचो तो लवूमुळे. लवू माझा मित्र. सहा फूट उंच, रुंद खांद्यांचा. बापाच्या शेजारी उभा राहिला की नवा माणूस हसायचाच.

मास्तरांना वेड होतं ते जड पोरांचं. अंधेरी स्टेशनबाहेरच्या रद्दीवाल्याकडून ते परदेशी बॉक्सिंगची जुनी मासिकं आणायचे. इंग्रजी जेमतेम यायचं, पण ‘क्रूझरवेट’ हा शब्द त्यांना फार आवडला होता. फार अवजड नाही, हलकाही नाही, असा पंच्याऐंशी किलोच्या आसपासचा माणूस. आपल्याकडच्या स्पर्धांत त्या नावाचा गट नव्हता, तरी एक्क्याऐंशी किलोच्या वरच्या पोरांना मास्तर क्रूझरच म्हणायचे. “आपल्याकडे हलकी पोरं ढिगानं मिळतात रे,” ते सांगायचे, “जड माणूस घडवायला वर्षं जातात. म्हणून कोणाला घडवायचं, ते आधी ओळखता यायला पाहिजे.”

आणि ते ओळखायचे. ठोसा किती जोरात बसला हे ते बघतच नसत. ठोसा खाल्ल्यावर माणूस काय करतो, तिसऱ्या फेरीत तोंड उघडं पडतं का, मागे सरकताना पाय कुठे जातात, एवढंच बघत. त्यांनी नाव घेतलेली दोन पोरं बॉक्सिंगच्या जोरावर पोलिसांत लागली होती. उपनगरांतल्या संघटनेत त्यांच्या शब्दाला मान होता तो यामुळे.

पंच्याऐंशी सालच्या हिवाळ्यात राज्याच्या शिबिरासाठी उपनगरांतून एकच जड बॉक्सर पाठवायचा ठरला. चाचणी बोरीवलीच्या एका शाळेच्या सभागृहात होती. उरले दोघं. एक लवू. दुसरा मनोरीचा बळवंत, कोळ्याचा पोरगा, वर्षभरच शिकलेला. बोटीवर जाळी ओढून त्याचे दंड दोरखंडासारखे झाले होते. जेट्टीवर त्याला मासळीच्या टोपल्या उचलताना बघून मास्तरांनीच शेडमध्ये आणला होता. मार्व्याहून मनोरीला जाणारी शेवटची बोट चुकली की तो आमच्याच चाळीत राहायचा आणि लवूच्या ताटाशेजारी जेवायचा. दोघांचं चांगलं जमायचं.

संघटनेचे चिटणीस शिवदासभाई. लढतीआधी ते मास्तरांना म्हणाले, “दत्ताराम, निकाल काहीही लागो, नाव तू सांगायचं. पुढे कोण जाईल ते तुला कळतं. तुझा पोरगा आहे म्हणून आम्ही कोणी काही बोलणार नाही.”

लढत लवूनं जिंकली. अगदी स्वच्छ, गुणांवर. त्याचा जॅब बळवंतच्या तोंडावर पुन्हा पुन्हा बसत होता आणि बळवंत भांबावल्यासारखा पुढे चालत होता. आम्ही ओरडून ओरडून घसे बसवले. पंचांनी लवूचा हात वर केला, तेव्हा बळवंतनंच त्याला मिठी मारली.

शिवदासभाईंनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर खुर्चीतून उठले आणि म्हणाले, “बळवंत.”

 लवू हातावरच्या पट्ट्या सोडत होता, तो तसाच थांबला.

“मी जिंकलो ना, बाबा?”

“जिंकलास.”

“मग?”

“ठोसा येताना तुझे डोळे मिटतात. लहानपणापासून मिटतात. मी खूप प्रयत्न केले, गेलं नाही ते. इथे चालून जातं, पुढे चालणार नाही. तुझ्यात होतं तेवढं आज सगळं बाहेर आलं, लवू. ह्याचं अजून सुरूच व्हायचंय.”

हे ते सगळ्यांसमोर बोलले. आवाज चढला नव्हता, उलट नेहमीपेक्षा मऊच होता. लवूनं मान हलवली. उरलेली पट्टी सोडली, शर्ट घातला आणि निघून गेला. बळवंत मास्तरांना म्हणत राहिला, “मास्तर, मना नको. त्यालाच पाठवा ना.” मास्तर म्हणाले, “तू गप्प बस. तुला काय कळतंय?”

त्या दिवसापासून लवू शेडमध्ये आला नाही. बापाशी भांडलाही नाही. विचारलं तर उत्तर द्यायचा, पाणी मागितलं तर आणून द्यायचा, पण आपणहून एक शब्द बोलायचा नाही. मास्तर त्याला ऐकू जाईल असं मालनकाकूंना सांगायचे, “चार दिवस रुसेल, मग येईल.” काकू भिंतीकडे तोंड करून तांदूळ निवडत बसायच्या.

उन्हाळ्याच्या आधीच लवू मस्कतला गेला. बांधकामावर माणसं हवी होती, ओळखीच्या एकानं त्याचं काम करून दिलं. आमच्या चाळीपासून सहार विमानतळ हाकेच्या अंतरावर. सोडायला मी आणि काकू गेलो. मास्तर कारखान्यातून आले नाहीत. आत जाताना लवूनं मला विचारलं, “यार, तू खरं सांग. माझे डोळे मिटतात?”

मी म्हटलं, “माहीत नाही रे. मी तुझे हात बघत होतो.”

तो हसला आणि गेला.

बळवंत पुण्याच्या शिबिरात खरंच चमकला. सुरुवातीच्या दोन लढती त्यानं अशा मारल्या की शिवदासभाई पेढे घेऊन मरोळला आले. मास्तरांनी पेढा घेतला आणि तसाच हातात धरून बसले. पण त्याच वर्षी नारळी पौर्णिमेनंतर बोटी निघाल्या आणि पहिल्याच वादळात बळवंतचा बाप समुद्रात बुडाला. बळवंत शिबिर सोडून घरी आला, तो परत गेलाच नाही.

त्याला समजावायला मास्तर मनोरीला निघाले. मला बरोबर घेतलं. घराबाहेर सुकत घातलेल्या बोंबलांशेजारी बळवंतची आई सोनूबाई बसली होती. मास्तर काही बोलायच्या आतच ती म्हणाली, “मास्तर, बोटीवर आता ह्याच्याशिवाय कोन हाय? धाकल्या दोघी पोरी हायत.”

पुळणीवर बळवंत चौघांबरोबर बोट ओढत होता. मास्तर बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. मग सोनूबाईला म्हणाले, “बरोबर आहे तुमचं.” तिनं दिलेला चहा घेतला आणि आम्ही परत फिरलो. परतीच्या बोटीत त्यांनी मला एवढंच विचारलं, “लवूचं काय कळलं का रे?”

लवूची पत्रं मलाच यायची. मी ती काकूंना वाचून दाखवायचो, मास्तर पलीकडे बसून ऐकायचे. ऊन फार आहे, जेवण बरं आहे, आईची काळजी घे. बाबांबद्दल काही नसायचं.

अठ्ठ्याऐंशीच्या मार्चमध्ये मस्कतला बांधकामाची परांची कोसळली. लवू तिच्याखाली होता. पेटी सहारला यायला आठवडा लागला. या वेळी मास्तर माझ्याबरोबर विमानतळावर आले. मालाच्या दरवाजाशी ते हात मागे बांधून उभे होते. सहीसाठी बोलावलं तेव्हा मात्र त्यांनी पेन माझ्या हातात दिलं.

चाळीची बोळ अरुंद, लवूचं अंग मोठं. तिरडी कशी न्यायची असा प्रश्न पडला. तेवढ्यात बळवंत आला. कोणी निरोप दिला होता कोण जाणे. धोतरासारखं नेसलेलं फडकं, उघडे खांदे. तो पुढे झाला आणि तिरडीची पुढची बाजू त्यानं एकट्यानं पेलली. स्मशानापर्यंत त्यानं खांदा बदलू दिला नाही.

चिता पेटल्यावर तो मास्तरांजवळ येऊन बसला. “मास्तर,” तो म्हणाला, “त्या दिशी त्यानं मना हरवलंता.”

“होय,” मास्तर आपल्या गावच्या बोलीत म्हणाले. “चांगलोच हरवलान तुका.”

बाराव्याला पाहुणे गेल्यावर मालनकाकूंनी विचारलं. मी तिथंच होतो, मला बाहेर जा म्हणायचं भान कोणालाच नव्हतं. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी तो विषय काढला. “एक सांगा माका. तो खरोखरच कमी होतो, की लोक काय म्हणतील म्हणान तुम्ही दुसऱ्याचा नाव घेतलात? तुमचो झील होतो तो.”

 मास्तर म्हणाले, “तेव्हा माका पक्का ठाऊक होता. आता नाय ठाऊक.”

काकू उठल्या आणि आत गेल्या. त्यानंतर दोघांत त्या विषयावर बोलणं झालं नाही, असं त्या मला नंतर म्हणाल्या. दोघंही एकमेकांची फार काळजी घ्यायचे. ते खोकले की त्या न बोलता सुंठेचा काढा पुढे ठेवायच्या, आणि काकूंचे गुडघे दुखायचे म्हणून नळावरचं पाणी मास्तर भरायचे.

शेड काही महिने बंद होती. मग पोरंच येऊन बसायला लागली, तेव्हा मास्तरांनी ती पुन्हा उघडली. शिकवणं पूर्वीसारखंच. पण शिवदासभाई दोनदा आले, जड गटात कोण पुढे जाईल ते सांग म्हणाले, आणि दोन्ही वेळा रिकाम्या हातानं गेले. एकदा मरोळ नाक्याचा एक गृहस्थ आपला थोराड मुलगा घेऊन आला. मुलाला बॅगवर चार ठोसे मारायला लावले आणि विचारलं, “मास्तर, तुम्ही म्हणे एका नजरेत सांगता. ह्याच्यात काही आहे का?”

मास्तरांनी त्या मुलाकडे पाहिलं. त्यांची नजर त्याच्या पायांवर गेली, मग डोळ्यांवर, आणि त्यांनी मान दुसरीकडे वळवली.

“रोज पाठवा त्याला,” ते म्हणाले. “खेळू दे.”