तिसरी चांदणी

शनिवारी संध्याकाळी आमच्या गल्लीत पाच-सात माणसं माना वर करून उभी दिसली, की नारायणगावात नवीन आलेल्याला वाटे, विमान चाललंय. विमान नसे. शालोमभाऊंचं मोटार भरायचं दुकान उघडायची ती वाट बघत असत. हे दुकान घड्याळावर उघडत नसे. आभाळात तीन चांदण्या दिसल्या की उघडे.

विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी भाऊ नव्या तारेनं भरून देत. माझं बी-बियाण्याचं दुकान शेजारीच, त्यामुळे वीस-बावीस वर्षं हा तमाशा मी फुकटात पाहिला. भाऊ बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातले ज्यू. पूर्वी त्यांच्यातले बरेच जण घाणा चालवत आणि शनिवारी तो बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. भाऊंनी तेल सोडलं, शनिवार सोडला नाही. शुक्रवारी दिवस मावळायच्या आत भाऊंच्या पत्नी रिबेकाकाकू दिवा लावत, आणि तिथून शनिवारच्या चांदण्यांपर्यंत भाऊंचा शब्बाथ. आठवडाभर विजेशी कुस्ती खेळणारा हा माणूस त्या दिवशी बटणालाही हात लावत नसे. चुकून बल्ब चालू राहिला तर दिवसभर चालू.

शुक्रवारच्या प्रार्थनेसाठी काकू काळ्या मनुका भिजवून त्यांचा रस काढत. चहूबाजूंनी द्राक्षाच्या बागा असताना सुकलेल्या द्राक्षांना पुन्हा ओलं करणारं गावात हे एकच घर, असं मी म्हणे. भाऊ तो रस माझ्या हातावर देत आणि म्हणत, "प्या गुमान. चेष्टा उद्या करा, उद्या मला येळ हाय."

शनिवारी कुणी दार ठोठावलं तर आतून ठरलेलं उत्तर येई. "आज न्हाई राव. तिसरी चांदणी दिसू द्या, मग मी तुमचाच." पावसाळ्यात फार पंचाईत होई. लोक म्हणत, "भाऊ, ढगाआड निघाल्यात!" भाऊ खिडकीतून विचारत, "तुमाला दिसल्या का?"

या चांदण्यांच्या बाबतीत सगळ्यात लबाड म्हणजे बबनराव. मीना नदीच्या काठाला त्यांचा टोमॅटोचा मळा, दारात पांढऱ्या बैलांची जोडी आणि अंगात धीर म्हणून नाही. दोन चांदण्या उगवल्या की तिसरी ते स्वतःच उगवत. "ती बघा, डोंगरावर!" भाऊ शांतपणे म्हणत, "तो मंदिराचा दिवा हाय, बबनराव. रोज तितंच असतो."

पण बबनरावही वार पाळणारेच. सोमवार महादेवाचा, म्हणून त्या दिवशी ते बैलांच्या मानेवर जू ठेवत नसत. एकदा बबनरावांसमोरच मी भाऊंना छेडलं, "देवानं सहा दिवसांत सगळं केलं नि सातव्या दिवशी विसावला म्हणता. देव दमतो का हो?" भाऊ म्हणाले, "दमत न्हाई. पण मालक बसल्याबिगर गड्याला बसता येत न्हाई, म्हणून बसला. दहा आज्ञा हाईत आमच्यात. बाकीच्या पाळायला लई तरास. ह्या एकीत नुसतं बसायचं हाय, तीबी जमंना माणसाला. आन् तिच्यात बैलाचंबी नाव हाय. बैलाला, गाढवालाबी त्या दिवशी सुट्टी."

बबनराव बिडी विझवून पुढं सरकले. "बैलाचं नाव? देवाच्या आज्ञेत? मंग तुमचा देव शेतकरी आसणार, भाऊ."

एका वैशाखात मात्र या दोघांची टक्कर झाली. शुक्रवारी संध्याकाळी बबनरावांची मोटार जळाली. शनिवारी सकाळीच ते दार बडवू लागले. "भाऊ, टोमॅटो करपंल माझा!" आतून तेच उत्तर. बबनराव तापले. "माणूस मेला तरी शनवारच का तुमचा?"

"माणूस मरत आसंल तर आत्ता येतो," भाऊ म्हणाले. "माणसाच्या जिवाम्होरं शनवार न्हाई. टोमॅटोम्होरं हाय."

"आन् बैलं? हौद कोरडा हाय कालपासून!"

आतली कडी वाजली. मग दार उघडलं आणि पांढरे कपडे, डोक्याला टोपी, अशा थाटात भाऊ बाहेर आले. हत्यारांची पेटी हातात नव्हती. मळ्यात पोचल्यावर त्यांनी मोटारीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "पोहरा कुठाय?" एवढंच विचारलं आणि दोर हातात घेऊन पाणी शेंदायला लागले. मीही मागोमाग गेलो होतो. उन्हात हौद भरेपर्यंत भाऊ आणि बबनराव आळीपाळीनं ओढत राहिले. बैल पोटभर प्याले. भाऊंच्या तळहातांना फोड आले.

"भाऊ, हे काम नाही?" मी विचारलं. "मोटार भरली असती तर याच्या निम्म्यानं भागलं असतं."

"त्ये पोटाचं काम झालं आसतं. जनावर तहानेलं ठिऊन मी पाटावर बसू? ह्यो कसला इसावा?"

घरी काकूंनी फोडांना तेल लावताना कपाळावर हात मारला. "घरात तांब्या हातानं घेत न्हाईत, आन् तितं इहीर उपसून आले!" त्या संध्याकाळी तिसरी चांदणी निघाल्यावर भाऊ त्याच हातांनी मोटार भरायला बसले. तोवर दोन-चार सऱ्या करपल्या त्या करपल्याच. बबनरावांनी त्या सऱ्या पुढं कित्येक वर्षं भाऊंना ऐकवल्या.

मग गावात ट्रॅक्टर आले. बबनरावांच्या पोरांनी बैलजोडी विकली. सोमवारी मळ्यात ट्रॅक्टर चाललेला पाहून भाऊंनी त्यांना हटकलं. बबनराव हसले. "लोखंडाला कसला वार, भाऊ?"

"लोखंडाला नसंल," भाऊ म्हणाले. "तुमाला?"

बबनराव हातातली बिडी टाकून ट्रॅक्टरकडे चालू लागले.

भाऊ गेले ते एका शुक्रवारी, काकूंनी दिवा लावल्यावर थोड्याच वेळात, खुर्चीत बसल्या बसल्या. दफन पुण्याला, त्यांच्या लोकांच्या दफनभूमीत व्हायचं होतं, आणि शनिवार संपेपर्यंत त्यांना हलवायचं नव्हतं. पुण्याचे नातेवाईकही शनिवारी प्रवास करणारे नव्हते. काकूंनी एवढंच सांगितलं, "त्यांना एकटं ठेवायचं न्हाई." आम्ही बर्फाच्या लाद्या आणल्या. आपल्याकडे माणूस गेला की उचलायची घाई. गल्लीत कुजबुज सुरू झाली की एवढा वेळ ठेवतात का कुठं.

शनिवारी उजाडताच बबनराव आले आणि उंबऱ्याशी बसले. जो येई त्याला हात जोडून सांगत, "आज न्हाई. आज शनवार हाय." त्यांच्या मळ्यात ऐन टोमॅटोची तोडणी चालू होती. दुपारी पोरगा बोलवायला आला. "आण्णा, बाया खोळंबल्यात. चला की."

"त्यांना म्हणावं, आज बसा," बबनराव म्हणाले. "मीबी बसलोय."

ट्रॅक्टरच्या दिवशी भाऊंनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी इतक्या वर्षांनी दिलं होतं, आणि ऐकायला भाऊ नव्हते. मला तिथंच रडू कोसळलं.

संध्याकाळी गाडी दाराशी लागली. ड्रायव्हरला अंधाराच्या आत खेडचा घाट गाठायचा होता. त्यानं इंजिन चालू केलं. बबनराव रस्त्याच्या मधोमध मान वर करून उभे राहिले, आणि आम्ही सगळे त्यांच्या मागे. एक दिसली. बऱ्याच वेळानं दुसरी दिसली. कुणीतरी डोंगराकडे बोट केलं. "ती काय तिसरी! घ्या उचलून."

बबनरावांनी तिकडे पाहिलंही नाही.

"तो मंदिराचा दिवा हाय," ते म्हणाले. "रोज तितंच असतो." मग गाडीजवळ जाऊन त्यांनी ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवला. "इंजन बंद कर, बाबा. तिसरी चांदणी दिसू दे. मग भाऊ तुमचाच."