आधी प्लॅस्टर, मग शिडी

आख्ख्या सोलापुरात सिनेमा बघितलाय तो एकाच माणसानं, बाकीच्या गावानं नुसती तिकिटं काढली. हे मी म्हणत नाही हं, ते काकाच म्हणायचे, उजव्या डोळ्यात भिंग अडकवून आणि डाव्या डोळ्यानं आपल्याकडं बघत. त्यामुळं ऐकणाऱ्याला वाटायचं की हा माणूस आपल्याशी अर्धाच बोलतोय आणि उरलेला अर्धा घड्याळाशी. मी तेव्हा बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होते. संध्याकाळी पाच ते सहा टायपिंग क्लास, आणि क्लासच्या जिन्याखाली जो तिरका कोनाडा उरतो ना, त्यात काकांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान. नात्यानं ते माझे कुणीच नाहीत. क्लासमधल्या सगळ्या पोरी त्यांना घड्याळकाका म्हणायच्या, म्हणून मीही म्हणायला लागले. माझी बोटं चाळीसच्या स्पीडला पोचायला दोन वर्षं लागली, त्यातलं निम्मं वर्ष नक्की त्या जिन्याखाली गेलंय.

काकांच्या दुकानात अठरा-वीस घड्याळं भिंतीवर आणि प्रत्येकात वेगळी वेळ. कुणी वेळ विचारली की ते चिडायचे. "वेळ इचारायला भोंगा हाय की गिरणीचा! हितं घड्याळं दुरुस्त होत्यात." आणि भोंगा वाजला की लगेच म्हणायचे, "उशिरा वाजला." किती उशिरा? तर बोटं मोजत कानडीत पुटपुटायचे. हिशोब आणि भांडण ते कानडीत करायचे, बाकी सगळं मराठीत. जेवणही ठरलेलं, कडक भाकरी आणि शेंगाचटणी, आणि भाकरीचा तुकडा मोडताना कान लावून ऐकायचे, आवाज बरोबर आला तरच खायचे. पण त्यांची खरी तऱ्हा वेगळीच. गिऱ्हाईक बंद घड्याळ घेऊन आलं आणि "काय झालं की काका..." म्हणून सुरू झालं, की हे हात वर करणार. "सांगू नगा! कसं पडलं ते सांगू नगा. मी सांगतो." मग झाकण उघडायचं, पाच मिनिटं आत बघायचं आणि म्हणायचं, "हिरीवर पाणी शेंदताना. डाव्या हातात होतं." एकदा एका बाईंना म्हणाले, "कुणावर तरी फेकून मारलंय हे." बाई घड्याळ तिथंच टाकून गेल्या, दोन दिवसांनी त्यांचे मिस्टर येऊन घेऊन गेले. कपाळाला टेंगूळ होतं त्यांच्या, मी स्वतः बघितलंय!

आता सिनेमा. एक दिग्दर्शक होता, रडवण्यात पटाईत. त्याचा सिनेमा सुटला की बायका पदर पिळत बाहेर यायच्या. त्यानं आयुष्यात एकच विनोदी सिनेमा काढला. सोलापुरात तो आला आणि पाचव्या दिवशी उतरला. आणि काकांचं म्हणणं असं, की या माणसाचं सगळ्यात मोठं काम हेच, बाकी सगळी नुसती रडारड. काकांनी तो पहिल्या दिवशी, पहिल्या खेळाला बघितला. दुसऱ्यांदा बघणार तर वळसंगला मेव्हण्याकडं काहीतरी निघालं, परत येईपर्यंत पोस्टर बदललेलं. म्हणजे एकदाच बघितलेल्या सिनेमावर हा माणूस सहा वर्षं बोलत होता!

मला ती गोष्ट पाठ आहे. एक पाट्या रंगवणारा पेंटर. समोरच्या घरातल्या मुलीवर त्याचा जीव. चांगला हिंडतो-फिरतो, गाणं म्हणतो, आणि अचानक एका सीनला दारात उभा, उजवा पाय मांडीपर्यंत प्लॅस्टरमध्ये. का? कुणी सांगत नाही. मुलीच्या घरातले त्याला आत घेतात, शिरा खायला घालतात, ती मुलगी प्लॅस्टरवर पेन्सिलीनं पोपट काढते. आणि मग, काका इथं पक्कड खाली ठेवायचे, मग पेंटर परत धडधाकट! शिडीवर चढलाय, शीळ घालतोय, खालच्या माणसाला सांगतोय, "उद्यापासून रोज सकाळी पळायला जाणार बघ मी."

"कळलं का पोरी?" काका म्हणायचे. "त्यो म्हंतोय पळणार, आन् आपल्याला म्हाईत हाय की पाय मोडणार हाय. आपण हसतोय, आन् हितं," ते छातीवर बोट ठेवायचे, "हितं कायतरी टोचतंय. दुसरा कुणी आसता तर आधी पाडला आसता, मग प्लॅस्टर घातलं आसतं. ह्यानं आधी प्लॅस्टर दावलं. घड्याळ बी माझ्याकडं तसंच येतं की. आधी बंद पडल्यालं दिसतं, पडलं कसं ते मागनं कळतं. माणसाचं तरी दुसरं काय आसतं?"

हे ऐकताना मला काय व्हायचं सांगू? मला तो सिनेमा बघायचाच होता. भूक लागल्यासारखा बघायचा होता. आणि मी एकटी नव्हते. वैरागचा एक अडत्या घड्याळ द्यायला आला, गोष्ट ऐकता ऐकता त्याची एस.टी. चुकली. तो पुढच्या आठवड्यात परत आला. काका म्हणाले, "घड्याळ आजून झालं न्हाय." तर म्हणाला, "घड्याळ राहू द्या हो, इंटरव्हलनंतर काय झालं ते सांगा!"

एकच माणूस या गोष्टीला हसायचा, आमचे टायपिंगचे सर. त्यांनीही तो सिनेमा बघितला होता, तिसऱ्या दिवशी. सर चहाला खाली उतरले की जुंपायची.

"अहो, कसला आलाय टोचणारा सिनेमा," सर म्हणायचे. "पेंटर पडतो, लोक हसतात, डॉक्टर प्लॅस्टर घालतो. केळ्याच्या सालीचा विनोद आहे तो."

"तुमी झोपला आसणार सर."

"मी झोपतो होय? मी क्लासमध्ये चौदा मशिनींच्या आवाजात एकीची चूक ओळखतो!"

"मग शेंगा आणायला भाईर गेला आसणार. लई शेंगा खाता तुमी."

सहा वर्षं हे असंच, मी क्लासला यायच्या आधीपासून. आणि मग काकांनी ते घडवून आणलं. स्टेशनाकडच्या ज्या थेटरात त्यांनी तो बघितला होता, तिथल्या मॅनेजरांचं भिंतीवरचं मोठं घड्याळ ते काही न घेता दुरुस्त करायचे, आणि दर खेपेला तोच विषय काढायचे. शेवटी मॅनेजर कंटाळून म्हणाले, "बरं, एका रविवारी सकाळी मागवतो प्रिंट. एकच खेळ." काका दुकान बंद करून पेठेत हिंडले. शिंपी, पानवाला, चादरीचे दुकानदार, सगळ्यांना सांगून आले. सर सगळ्यांसमोर म्हणाले, "काका, हा सिनेमा मला आवडला तर दुसऱ्या दिवशी मी क्लास बंद ठेवून तुमच्या पाया पडेन. नाही आवडला तर?"

"न्हाय आवडला तर आयुष्यात परत त्या सिनेमाबद्दल त्वांड उघडणार न्हाय. शब्द."

सिनेमाबद्दल न बोलणारे काका म्हणजे भिंतीवरची सगळी घड्याळं एकदम बंद!

रविवारी काकू पण आल्या. सहा वर्षं ऐकत होत्या, बघितला कधीच नव्हता. मोरपिशी इरकल नेसल्या होत्या, मला म्हणाल्या, "लग्नात बी येवढे नटले न्हवते हे." काका खरंच नटले होते, इस्त्रीचा सदरा, कपाळाला विभूती. एका बाजूला काकू, दुसऱ्या बाजूला मी, मागच्या ओळीत सर, हातात शेंगांची पुडी. सिनेमा सुरू झाला. पेंटर, मुलगी, गाणं. काकांचे ओठ हलत होते. आणि मग शिडी आली.

काकांनी माझं मनगट धरलं. "प्लॅस्टर कुटाय?"

पडद्यावर पेंटर म्हणाला, "उद्यापासून रोज सकाळी पळायला जाणार." कुणी हसलं नाही. का हसावं? पळ की बाबा. मग तो पडला, पाच-सहाजण हसले. मग डॉक्टर. मग प्लॅस्टर.

"अय्यो शिवने," काका उठले. "रिळं उलटी लावल्यात!" आणि अंधारात पायऱ्या चढत वर निघाले. मी त्यांच्या मागं.

ऑपरेटरच्या खोलीत मशीन तापलेलं, ऑपरेटर म्हातारा, गळ्यात टॉवेल. काका ओरडलेच, "प्लॅस्टर आधी हाय वो! तुमी शिडी आधी लावली!"

ऑपरेटरनं शांतपणे डबे दाखवले. "पाच नंबर शिडी, सहा नंबर प्लॅस्टर. वाचा की." मग काकांकडं निरखून बघितलं. "तुमी पयल्या दिवशी आल्ता व्हय?"

आणि मग त्यानं सांगितलं. तेव्हा एकच प्रिंट दोन थेटरात चालायची, तिकडं रीळ संपलं की डबा सायकलवरून इकडं. पहिल्या दिवशी पहिल्याच खेळाला तिकडनं गडबडीत पाचच्या जागी सहाचा डबा आला. "पब्लिक शिट्ट्या मारत हुतं. म्हटलं आलंय ते लावू. पाच मागनं आलं, ते मागनं लावलं. तेवढ्याच खेळाला. मालकानं लई शिव्या घातल्या." मग आवाज खाली आणून म्हणाला, "मॅनेजर नवीन हायत, त्यास्नी म्हाईत न्हाय. बोलू नगा. रिटायर व्हायला थोडंच ऱ्हायलंय."

काका डब्यावर बसले. मला वाटलं रडतील. पण ते ऑपरेटरच्या मनगटाकडं बघत होते.

"घड्याळ बंद हाय तुमचं."

"लई दिवस झाले."

"काढा." काकांनी ते खिशात टाकलं. दारात वळून म्हणाले, "चूक न्हवती हो ती."

खाली येईपर्यंत इंटरव्हल झाला होता, सर पायऱ्यांशी उभे होते. "काय काका? पडला की नाही आधी?" सगळी पेठ बघत होती. काका एक वाक्य बोलले असते तरी झालं असतं, रिळं उलटी लागली होती एवढंच. पण मॅनेजर तिथंच दाराशी उभे होते. काका म्हणाले, "जिंकला सर तुमी." काकूंनी त्यांचा हात धरला, आणि भर रस्त्यात, त्या काळात, तो घरापर्यंत सोडला नाही.

त्या दिवसापासून काकांनी सिनेमाबद्दल तोंड उघडलं नाही. वैरागचा अडत्या आला, घड्याळ घेऊन मुकाट गेला. मला राहवेना. माझ्या पोटात काही राहत नाहीच, आठवड्याभरात मी सरांना सगळं सांगून टाकलं, ऑपरेटरचं कुणाला सांगायचं नाही या अटीवर. सरांनी माझ्या मशीनवरचा कागद काढून बाजूला ठेवला. मग खाली गेले. मी जिन्यात थांबून ऐकलं.

"काका, तुम्ही बघितला तो सिनेमा मला बघायला मिळाला नाही, एवढंच झालं. शब्द परत घ्या."

"शब्द म्हंजे शब्द, सर. पर येक सांगतो, सिनेमाचं न्हवं हां, घड्याळाचं. सगळी चाकं डब्यात आसत्यातच. कुणीतरी बसवावी लागत्यात." सरांनी पुडीतल्या शेंगा त्यांच्यापुढं ओतल्या आणि तिथंच स्टुलावर बसले. त्या दिवशी क्लासला अर्धा तास कुणी चूक काढली नाही.

आता मी कुर्डुवाडीला रेल्वेच्या ऑफिसात टायपिस्ट आहे. जेवणाच्या सुट्टीत बायकांना तो सिनेमा सांगते, अर्थात काकांच्या क्रमानं. सगळ्या विचारतात, "कुठं लागलाय गं?" मी काय सांगणार? मग मलाच प्रश्न पडतो, की ते सगळ्यात मोठं काम नेमकं कुणाचं? दिग्दर्शकाचं, की गडबडीत चुकीचा डबा देणाऱ्याचं, की जिन्याखाली बसून सहा वर्षं ते जपणाऱ्याचं?

सोलापूरला गेले की मी आधी जिन्याखाली जाते. काका आता थकलेत. इकडचं तिकडचं होतं, मग ते एखादं घड्याळ उघडतात आणि त्यातच बघत म्हणतात, "मी बोलणार न्हाय. पर तुला कुणी अडवलंय?"

मी स्टूल ओढते आणि सांगायला लागते, "एक पेंटर असतो. चांगला हिंडत-फिरत असतो. आणि एक दिवस दारात येऊन उभा राहतो, उजवा पाय..."

"मांडीपर्यंत," काका पुटपुटतात आणि लगेच ओठ मिटून घेतात.