फिनलंडची तोंडी परीक्षा

जन्मभर मी जळगाव जामोदच्या शाळेत पोरांच्या तोंडी परीक्षा घेतल्या. निवृत्त झालो आणि वाटलं, सुटलो. तर लेकीनंच मला पुन्हा खुर्चीवर बसवलं. ती फिनलंडमध्ये नर्स आहे. तिथल्या भाषेची परीक्षा पास झाली तर नोकरी कायम, नाही तर बॅग भरून परत.

रोज संध्याकाळी ती व्हिडिओ कॉल करून मला धडे म्हणून दाखवायची.

"मले काय समजते त्यातलं?" मी म्हणालो.

"नका समजू, बाबा. मी अटकली का, एवढंच पाहा."

एक शब्द मात्र मी शिकलो, सूउल्लिनेन. म्हणजे तोंडी. 'सूउ' म्हणजे तोंड, त्यावरून झालेलं विशेषण. आपल्यासारखंच की! माझी मास्तरकी उफाळून आली. पण आपलं 'तोंडी' बिचारं गरीब, परीक्षेत, हिशोबात, कुठंही तसंच राहतं. त्यांचं विशेषण नामाबरोबर बदलतं. 'तोंडी परीक्षेत' म्हणायचं, तर परीक्षेला लागलेला प्रत्यय तोंडीलाही लागतो.

"प्रत्यय आठवेपर्यंत पेशंट घरी चालला जाते, बाबा," लेक म्हणाली. मी हसलो, ती हसली नाही.

ती सारखी अडखळायची. मी नुसता मान हलवत बसायचो. चूक दुरुस्त करता येत नाही, पुढचा शब्द सुचवता येत नाही, असा परीक्षक कुठं असतो? माझाच मला राग यायचा.

परीक्षेच्या आदल्या दिवशी मात्र ती कुठंही न थांबता चार-पाच वाक्यं बोलली. मला भरून आलं.

"शाब्बास! एकदाही अटकली नाहीस. काय होतं हे?"

तिनं समोरचं पुस्तक मिटलं. मग म्हणाली, "पुस्तकातलं नव्हतं, बाबा. म्हटलं, मले इथं राह्यचं नाही. कोणी बोलत नाही माझ्याशी. घरी यायचं हाय."

"मंग ये ना, माय."

"आईनं साऱ्या गल्लीत सांगून ठेवलं, पोरगी कायम होऊन राह्यली म्हणून. कशी येऊ?"

फोन बंद झाला. बायको पदराला हात पुसत बाहेर आली.

"होते ना पास?"

"होते," मी म्हणालो.

तिनं लगेच देवापुढं दिवा लावला आणि मलाही हात जोडायला लावले. मी जोडले. जन्मभर पोरांना पास करत आलेला मी, माझ्या लेकीला नापास कर, असं मागत उभा राहिलो.