वामन मास्तरांचं सातवं माप

ओमानमधल्या निझवा गावातल्या वामन मास्तरांच्या शिलाईच्या दुकानात मी पहिल्यांदा गेलो, तेव्हा ते स्वतःच्याच उजव्या हाताला दटावत होते. "गप रव जरा, गिऱ्हाईक इला!" टेबलावर नुसता ठेवलेला तो हात थडथड वाजत होता, दारावर कोणी थापा माराव्यात तसा. कात्री दिली की मात्र गप्प. मास्तरांना कंपवात होता.

मास्तर मूळचे मालवणकडचे. ओमानी लोकांचे पांढरे पायघोळ दिशदाशे शिवावेत तर त्यांनीच. मागच्या दांडीवर सहा दिशदाशे वेगळे टांगले होते. पहिला तान्ह्या बाळाचा, पुढचे चढत्या मापाचे. मला वाटलं, नातवाचे.

"छ्या! माझ्या आजाराचे. दर वर्साक एक. वाढता तो, उघडो कसो ठेवू? पयली दोन वर्सां लपवलंय तेका, तेवा छातीर येवन बसायचो. कपडे दिलंय, आता मशिनीपाशी गुमान बसता."

माप कशावरून घेता, हे विचारायची काही माझी छाती झाली नाही. सैल झालेली पँट घट्ट करायला टाकली, हातातली पाण्याची तिसरी बाटली संपवली आणि सटकलो.

खरं तर मला त्याच महिन्यात डायबिटीस निघाला होता. नोकरी जाईल या भीतीनं गाळण उडालेली. बायकोलासुद्धा बोललो नव्हतो, गोळ्यांची पिशवी उघडलीही नव्हती. पँट न्यायला गेलो, तर मास्तरांनी तिच्यावर वीतभर दिशदाशा ठेवला.

"हा कोणाचा?"

"तुझ्या आजाराचो. खिसो मोठो ठेवलंय, गोळ्यो रवतल्यो. आणि बायलेक आजच सांग."

"तुम्हाला कोणी सांगितलं?" मी ओरडलोच.

"अरे झिला, कमर दोन इंच गेली, बसल्या जागी तीन बाटल्यो पाणी पिलंस. टेपीक कळता."

त्या दिवशी बायकोला फोन केला आणि लहान पोरासारखा रडलो. पहिली गोळी त्या खिशातूनच काढून घेतली.

काही महिन्यांनी मास्तरांनी सातवं माप घेतलं. तो दिशदाशा बरोब्बर त्यांच्याच अंगाचा झाला. "आता दोघांक एकच पुरे," म्हणाले, आणि तोच घालून गावी गेले. तिथेच वारले. मला फार लागलं ते.

परवा माझ्या आजाराला वर्ष झालं. वीतभर दिशदाशा घेऊन दुसऱ्या टेलरकडे गेलो. म्हटलं, "इससे थोड़ा बड़ा."

"बच्चे को लाओ भाई. माप लेना पड़ेगा."

"साथ में ही है," मी म्हणालो.

त्यानं माझ्या शेजारी पाहिलं. मग खाली वाकला आणि माझ्या गुडघ्याच्या उंचीवर टेप धरली.