बाबांची संध्याकाळची गोळी

डॉक्टरांनी बाबांची संध्याकाळची गोळी बंद केली तेव्हा मला केबिनमध्येच उड्या माराव्याशा वाटत होत्या. शुगर, बीपी, हृदयात स्टेंट, वर थायरॉइड आणि गुडघे. म्हातारपणी हे सगळं एकदम मागे लागलं की पेन्शन घरी यायच्या आधीच मेडिकलवाल्याकडे जाते. मी वर्तकनगरला, आई-बाबा डोंबिवलीला. दर तपासणीला मी यायचे आणि दरवेळी आईला म्हणायचे, अगं, तुझंही रक्त तपासून घेऊ या. फार थकलेली दिसायची ती. तिचं उत्तर ठरलेलं: ह्यांचं एकदा मार्गी लागू दे, खर्च कमी झाला की माझं बघू.

म्हणून मी हात धुऊन बाबांच्या मागे लागलेले. भात अर्ध्यावर आणला, श्रीखंडाचा डबा उचलून माझ्या घरी नेला, रोज सकाळी फोन करून चालायला पिटाळलं. बाबा वैतागायचे, पण चालायचे. आणि आज रिपोर्ट असा फर्स्टक्लास की डॉक्टरच खूश! साखरेची गोळी आता फक्त सकाळी, म्हणाले. बाबा दहावी पास झाल्यासारखे बाहेर आले. आता तुझा नंबर, मी आईला ऐकवलं. ती नुसती हसली.

मेडिकलमध्ये बाबांना बाकावर बसवून मी पाण्याची बाटली आणायला गेले, तेवढ्यात आईने औषधं घेतली. येऊन बघते तर बिल जवळजवळ मागच्याइतकंच. माझं डोकंच सटकलं. गोळी कमी झालीय, चिठ्ठी वाचता येत नाही का, म्हातारी माणसं बघून काहीही लावता का, असं म्हणत मी मेडिकलवाल्याला फैलावर घेतलं. तो बिचारा म्हणाला, ताई, आजी दरवेळी जास्तीच्या पट्ट्या घेतात, आजही घेतल्या.

मी आईकडे वळले. "अगं, गोळी बंद केली ना डॉक्टरांनी?"

"ह्यांची केली," आई म्हणाली. "माझी कुठे केलीय?"

सोसायटीतल्या फुकट तपासणी शिबिरात तिची साखर निघालेली, बाबांना स्टेंट बसवलेला त्याच वर्षी. तिने कुणाला पत्ता लागू दिला नाही. दोन-दोन फिया, दोन-दोन रिपोर्ट कशाला. एका घरात राहतो, एकाच कुकरमधलं जेवतो, आजार तोच, मग गोळीही तीच. बीपीचीही घेतेस का, मी विचारलं. अर्धीच घेते, म्हणाली. भाजी कशी केली ते सांगावं तितक्या शांतपणे. मला तिचा भयंकर राग आला आणि तिला तिथेच मिठी मारावीशीही वाटली.

बाबा बाकावरून उठले, काठी तिथेच विसरून थेट दवाखान्यात. आम्ही मागे धावलो. काउंटरवरची मुलगी म्हणाली, नवीन केसपेपरचे वेगळे पैसे पडतील. आई लगेच म्हणाली, मग ह्यांच्याच कागदावर खाली लिही ना, जागा आहे.

"तिचा वेगळा काढा," बाबा म्हणाले. 

आईला मी हाताला धरून आत नेलं, खुर्चीत बसवलं. डॉक्टरांनी विचारलं, बोला आजी, काय त्रास होतो?

"जिना चढताना दम लागतो ना," आई म्हणाली, "ह्यांना."