सरूचं दगडफूल

धरमतरच्या खाडीकाठी, मिठागरात राबणाऱ्यांच्या गावात, सरूने वास घेतल्याशिवाय वर्षाचा मसाला कुणी कांडायला नेत नसे. मिरच्या-धणे कुणीही भाजावेत, दगडफूल मात्र सरूनेच पारखायचं. झाडाच्या सालीवर वाढणारं ते करडं पापुद्र्याचं दगडफूल ओल लागली की बुरशी धरतं आणि सगळ्या मसाल्याचं वाटोळं करतं. सरू चिमूटभर तळहातावर चोळायची, नाकाशी धरायची आणि म्हणायची, "घ्या," नाहीतर "फेका." त्या एका शब्दाचा तिला भारी तोरा. नवरा गेला, मिठागर बंद पडलं, तोरा तेवढा उरला होता.

दोन वर्षांपूर्वी ती तापातून उठली ती वास गमावूनच. सुकट भाजा की रॉकेल सांडा, तिला सगळं सारखंच. येईल परत, म्हणून तिने कुणाला सांगितलं नाही. चोळायची, डोळे मिटायची, "घ्या" म्हणायची. एक उन्हाळा निभावला.

दुसऱ्या उन्हाळ्यात धाकट्या जावेच्या, जनीच्या लेकीचं, मनस्वीचं लग्न निघालं. पोरीला सासरी द्यायचा मसाला झाला. दगडफूल एकदा भिजून पुन्हा वाळवलेलं होतं. बोटांना कोरडं लागलं आणि सरू म्हणाली, "घ्या."

आषाढात जनी त्याच मसाल्याची वाटी घेऊन आली. "बघा वयनी, कसा झालाय."

सरूने वाटी नाकाशी धरली. "झकास हाय गो."

जनी तिच्याकडे बघतच राहिली. "कुबट वास मारतोय, वयनी. रोह्यावरनं डबा परत आलाय. पोरीला काय काय आयकवलं सासूनं." मग आवाज उतरला. "कधीपासून वास येत नाय तुमाला?"

"तापापासून."

"सांगायचं नाय?"

"सांगितलं असतं, तर बोलावलं असतंस?"

जनी वाटी उचलून गेली. सरू उंबऱ्यात बसून राहिली, भात करपला तरी तिला कळलं नाही.

पुढच्या चैत्रात मसाल्याचं बोलावणं आलंच, हे जनीचं मोठेपण. सरूला नेहमीची जागा दिली. पण सरू येताना दिसली, तेव्हा जनीची सून भूमिका दगडफूल आधीच हुंगून घाईघाईने बाजूला होत होती. सरूने चिमूट चोळली, नाकाशी नेली. बायका माना खाली घालून थांबल्या. त्यांची ती माया तिला शिव्यांपेक्षा जास्त लागली.

तिने तळहात भूमिकेपुढे धरला. "तूच सांग गो."

भूमिका सासूकडे बघत हळूच म्हणाली, "घ्या."